लेखनिकासाठी सूचना

बस, तन्मयी. तिथे पंखा लागत नाही,
इकडे सरक.
ही खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती,
कपाट उघडलं की अजून गंजलेल्या लेझमांचा वास येतो.
आता दारावर पाटी आहे: संसाधन कक्ष.
मुलं म्हणतात, ढ-ची खोली.
पाटी मी दोनदा रंगवून घेतली.

परवा सम्यक शेजवळचा पेपर तू लिहायचास.
तो दहावीत, तू नववीत. नियमच तसा,
लिहिणारा एक पायरी खाली हवा,
म्हणजे त्याला जास्तीचं काही ठाऊक नसावं.
तुला ठाऊक असतं.
म्हणून तर आज बोलावलं.

तो बोलेल ते लिहायचं.
सात आठे चोपन्न म्हणाला, तर चोपन्न.
भुवई उचलायची नाही.
पेन थांबवायचं नाही, तो पेनाकडे बघतो;
नऊ वर्षं दुसऱ्यांच्याच पेनाकडे बघत आलाय,
कुठे अडतं, कुठे लाल होतं.

त्याला नक्की होतं काय, विचारतेस?
फळ्यावर 'घर' काढ.
आता वरची रेघ सुरुवातीलाच जरा मोड,
तिथे एक गाठ मार.
झालं 'धर'.
'मात'चा 'भात' तसाच.
आपल्याला छप्पर दिसतं, त्याला ते कधी दिसतं,
कधी नुसती फट.
ती बुजवेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर.

दाखल्यासाठी हॉस्पिटलच्या चार खेपा झाल्या.
त्याची आई ब्लाउजना हुक लावते, नगावर पैसे,
चार खेपा म्हणजे चार दिवस कोरडे.
मग बोर्डाला पत्र. पत्र परत,
जावक क्रमांक नाही म्हणून.
क्रमांक घातला, तर शिक्का पुसट.
फॉर्मवर सही करायच्या आधी त्या माउलीनं
रद्दी कागदावर सही काढून पाहिली,
बोटानं एकेक अक्षर मोजलं.
मी खिडकी लावायला उठले.
खिडकी लावलेलीच होती.

सराव परीक्षेचं मी काढणार नव्हते.
प्रश्न होता: तिवरं कुठे आढळतात, वैशिष्ट्य सांगा.
तू लिहिलंस, किनाऱ्यालगतच्या दलदलीच्या प्रदेशात,
या वनस्पतींना श्वसनमुळे असतात.
अक्षर काय सुरेख.
दोनपैकी दोन मिळाले असते.
मी त्याला सगळा पेपर वाचून दाखवत होते,
तिथे त्यानं हात वर केला.
खोलीत आम्ही दोघंच, तरी हात वर केला.
"बाई, हे मी नाय बोललो."
मग काय बोललास?
"हायवेच्या पलीकडं असतात. आमच्या गच्चीवरनं दिसतात.
चिखलात बुडालेली, पण नाकं वर काढून.
श्वास घ्यायला."

तुला वाटलं, मदत करतेय.
मलाही वाटायचं, पहिली काही वर्षं.
मी भरभर उत्तरं पुरवायचे, मुलं माना हलवायची,
माझ्या वहीत सगळी प्रगती समाधानकारक.

तुझं खोडलं. त्याचं लिहिलं, जसंच्या तसं,
'नाकं' सुद्धा.
साळसकर सरांनी एकच गुण दिला,
समासात लिहिलं, शास्त्रीय संज्ञा वापरा.
बरोबर आहे त्यांचं.
चोपन्नाचेही गेले.
पण तो पेपर त्यानं घडी घालून दप्तरात ठेवला.
त्याचा एकही पेपर आजवर घरी पोचला नव्हता,
कन्नमवार नगरच्या नाल्याला विचार.

जा, तुझा तास बुडतोय.
दार ओढून घे, कडी बसत नाही,
शिपाईदादांना तीनदा सांगितलंय.
माझे अकरा अर्ज राहिलेत अजून,
प्रत्येकात 'अडचणीचे स्वरूप' म्हणून
दीड ओळीची जागा.

आणि पेनं दोन आण, निळी.
एकदा सुरू झाला
की फार भराभर बोलतो तो.